‘वीरगळ’ या शब्दातला ‘गळ’ कोणता?

तासगाव भागातल्या एका वाचकाने विचारले आहे की, त्यांच्या गावच्या मारुतीच्या देवळामागे जो कोरीव दगड उभा आहे, त्याखाली गळा कापलेला वीर पुरला असून म्हणूनच त्याला ‘वीरगळ’ म्हणतात, ही जुन्या माणसांची समजूत खरी आहे का.

या शब्दाचा गळ्याशी संबंध नाही, आणि बगाडाच्या यात्रेत नवस फेडणाऱ्याला टांगण्यासाठी पूर्वी जो गळ, म्हणजे लोखंडी आकडा, लावत त्याच्याशीही नाही. कन्नडमध्ये दगडाला ‘कल्’ किंवा ‘कल्लु’ म्हणतात. समासात दुसऱ्या शब्दाच्या आरंभीचा ‘क’ तिथे पुष्कळदा ‘ग’ होतो. ‘मळे’ म्हणजे पाऊस आणि ‘काल’ यांचा ‘मळेगाल’, म्हणजे पावसाळा, हे रूप जत तालुक्यातल्या कन्नड घरांत रोज कानी पडते. त्याच रीतीने ‘वीरगल्’ झाला, आणि मराठीत फलाचे फळ व कमलाचे कमळ झाले तसा त्याचा ‘वीरगळ’ झाला. अर्थ सरळ आहे: वीराचा दगड.

गधेगाळ मात्र या कुळातला धरू नये. दानाची जमीन बळकावणाऱ्याला शाप देणारा तो दगड असतो, आणि त्यातला ‘गाळ’ बहुधा ‘गाळी’ म्हणजे शिवी या शब्दातून आलेला आहे.

आता पुरण्याविषयी. वीरगळ हे थडगे नव्हे, स्मारक आहे. एखाद्या दगडाखाली अस्थी असतीलही, पण वीरगळ म्हणवण्यासाठी त्या असाव्या लागत नाहीत. वाचकांनी दगडावरचा शेंदूर न खरवडता, सकाळच्या तिरप्या उन्हात तो खालून वर पाहावा. सहसा तळाच्या चौकटीत वीर आडवा पडलेला असतो आणि कधी शेजारी गायी असतात, म्हणजे तो गोधन राखताना पडला. त्यावर ढाल-तलवारीची झुंज, त्यावर त्याला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, आणि सर्वांत वर शिवलिंगापुढे हात जोडून बसलेला तोच वीर. माथ्यावर चंद्र-सूर्य कोरलेले असले तर ते कीर्ती टिकून राहावी म्हणून. गळा कापल्याची कथा तळाच्या त्या आडव्या आकृतीवरूनच सुचली असावी, असे मला वाटते.

लिंगाविषयी त्यांनी विचारलेले नाही, पण लिहिताना अडते म्हणून सांगतो: ‘तो वीरगळ’ आणि ‘ती वीरगळ’ ही दोन्ही रूपे लेखनात आढळतात. मी पुल्लिंगी वापरतो, कारण मनात ‘दगड’ हा शब्द असतो. ज्यांच्या मनात ‘शिळा’ असते ते स्त्रीलिंगी लिहितात, आणि त्यांना चूक ठरवण्याचे कारण मला दिसत नाही.