परदेशी सरकारांनी म्यानमारमधून पळून आलेल्या रोहिंग्या निर्वासितांसाठी जाहीर केलेले पैसे छावणीतल्या माणसापर्यंत खरंच पोहोचतात का?

पोहोचतात, पण बातमीतला आकडा म्हणजे हातात पडलेली रक्कम नव्हे. अतिवृष्टीचं पॅकेज जाहीर होणं आणि खात्यात पैसे जमा होणं यात किती अंतर असतं, ते आपल्याला कोणी सांगायला नको.

यूएनएचसीआर (निर्वासितांसाठीची संस्था) आणि जागतिक अन्न कार्यक्रम या संयुक्त राष्ट्रांच्या दोन्ही संस्था जवळजवळ पूर्णपणे ऐच्छिक वर्गणीवर चालतात. म्हणजे दरवर्षी नव्याने झोळी पसरायची. त्यात बरीचशी वर्गणी 'अमुक देशासाठी, तमुक कामासाठीच' अशी अट घालून येते. एका छावणीत धान्य संपत आलं तरी दुसरीकडच्या शाळांसाठी आलेले पैसे तिकडे वळवता येत नाहीत. देणाऱ्याला हिशेब दाखवायला हे सोयीचं, घेणाऱ्याला मात्र जाचक.

बांगलादेशातल्या कॉक्स बाजारच्या छावण्यांत रोख पैसे वाटत नाहीत. कुटुंबाच्या कार्डावर दरमहा रक्कम भरली जाते आणि ठरलेल्या दुकानांतून तांदूळ, डाळ, तेल, अंडी घ्यायची. वर्गणी आटली की पहिला फटका या कार्डाला. 2023च्या मार्चमध्ये माणशी 12 डॉलरचे 10 झाले, जूनमध्ये 8. आठ डॉलर म्हणजे दिवसाला 27 सेंट. कायदेशीर नोकरी करायची किंवा छावणीबाहेर जायची मुभा नाही, त्यामुळे तूट भरून काढायची कशी? उधारी, नाहीतर चोरून मजुरी. 2024मध्ये रक्कम पुन्हा वाढली. 2025च्या मार्चमध्ये 6 डॉलरवर आणण्याची सूचना निघाली आणि महिना संपायच्या आत ती बदलून 12 ठरले. याच सुमारास अमेरिकेने 7 कोटी 30 लाख डॉलर जाहीर केले होते. दहा लाखांच्या वस्तीचं रेशन असं महिन्याच्या तोंडावर ठरतं.

भारताने 2017मध्ये 'ऑपरेशन इन्सानियत'खाली केलेली मदत वेगळ्या वाटेची. तांदूळ, डाळ, तेल, मच्छरदाण्या असा माल विमानाने चितगावला नेऊन थेट बांगलादेश सरकारच्या हवाली केला. पहिल्या धावपळीत हे उत्तम, पण त्यावर वर्षभराचं रेशन चालत नाही.

पुढच्या वेळी असा आकडा वाचाल तेव्हा रक्कम नवी आहे की आधीचीच पुन्हा मोजली आहे, किती वर्षांची आहे आणि कोणत्या संस्थेला दिली आहे, एवढं बघा. एकाच वर्षाची असेल तर बारा महिन्यांनी हेच कार्ड पुन्हा टांगणीला लागणार.