वाचकांचे प्रश्न : जुने पिलर ड्रिल आणि त्याचे हरवलेले भाग

प्रश्न : आमच्या आजोबांच्या वर्कशॉपमधील एक जुने, टेबलावर बसवायचे, इंग्लंडमध्ये बनलेले पिलर ड्रिल (खांबावर बसवलेले भोके पाडायचे यंत्र) माझ्याकडे आले आहे. नावाची पट्टी झिजल्यामुळे कंपनी कळत नाही. खांब, डोके, टेबल, स्पिंडल (ड्रिल फिरवणारा दांडा) आणि त्याची रॅक (सरळ दातेरी पट्टी) असलेली स्लीव्ह, म्हणजे स्पिंडलभोवतीची नळी, शाबूत आहे. मात्र स्लीव्ह खाली आणणारा पिनियनचा (छोट्या दातेरी चाकाचा) दांडा, त्याचे हँडल आणि स्पिंडलवरील तीन पायऱ्यांची पुली नाही. मोटारीची पुली आहे. मूळ ड्रॉइंग नसताना हे भाग कसे करून घ्यावेत? (एक वाचक, इचलकरंजी)

उत्तर : हरवलेल्या भागाची बहुतेक मापे त्याच्या शेजारच्या भागांवर उमटलेली असतात. म्हणूनच आमची पहिली विनंती अशी की, मापे घेऊन होईपर्यंत यंत्र घासू नये आणि त्यावरचा रंग काढू नये. हँडलचा बोळा (दांड्यावर बसणारा त्याचा मधला जाड भाग) जिथे डोक्याला टेकत असे तिथे रंग न लागलेले किंवा घासून गुळगुळीत झालेले कडे दिसेल आणि त्यावरून बोळ्याचा व्यास मिळेल. हा पुरावा वायर ब्रशखाली काही क्षणांत नाहीसा होतो. जुन्या रंगात शिसे असण्याची शक्यता असते, त्यामुळे पुढेही तो कोरडा घासू नये.

पिनियनचे काम सर्वांत नाजूक आहे, पण रॅक शाबूत असल्याने अंदाज बांधण्याची गरज नाही. रॅकवरील एका दात्याच्या कडेपासून पुढच्या दहाव्या दात्याच्या त्याच कडेपर्यंतचे अंतर व्हर्नियरने मोजावे. ते ४७.१ मिलिमीटरच्या आसपास आले तर दाते दीड मॉड्यूलचे (मेट्रिक मापाचे) आहेत, ४९.९ आले तर ते १६ डायमेट्रल पिचचे, म्हणजे व्यासाच्या दर इंचाला १६ दाते या इंची मापाचे आहेत, आणि जुन्या इंग्लिश यंत्रात हीच शक्यता अधिक. त्यानंतर दात्याचा कोन पाहावा. रॅकच्या दात्याच्या बाजू सरळ असतात, त्यामुळे दोन बाजूंमधला कोन थेट तपासता येतो. तो २९ अंश असेल तर दाते साडेचौदा अंशांच्या जुन्या पद्धतीचे आणि ४० अंश असेल तर वीस अंशांच्या पद्धतीचे समजावेत. अ‍ॅक्मे आट्यांचा कोनही २९ अंशच असल्याने टर्नरकडचा अ‍ॅक्मे गेज इथे उपयोगी पडतो.

आता दात्यांची संख्या. स्लीव्ह बाहेर काढून पिनियनच्या छिद्रात घट्ट बसेल असा, पण मध्यभागी बारीक केलेला दांडा लेथवर करून घ्यावा आणि तो बसवून मग स्लीव्ह आत सरकवावी. दांड्याचा मधला भाग थोडाथोडा कमी करत गेल्यास एका मापाला तो रॅकच्या टोकांना जेमतेम स्पर्श करून स्लीव्हला वाट देईल. समजा, ते माप १९.०५ मिलिमीटर, म्हणजे पाऊण इंच आले. त्याच्या निम्मे ९.५२ आणि १६ पिचच्या दात्याची माथ्याकडील उंची १.५९ मिळवली की ११.११ मिलिमीटर, अर्थात सात सोळांश इंच त्रिज्या येते. म्हणजे दात्यांच्या मध्याशी व्यास सात अष्टमांश इंच आणि, इंचाला १६ या हिशेबाने, दाते चौदा. अशा पिनियनचा बाहेरचा व्यास नेमका एक इंच येतो. दांडा ज्या छिद्रातून आत जातो ते याहून किंचित मोठे असेल, तर हिशेब बरोबर असल्याची ती दुसरी साक्ष होय. चौदा दात्यांना सात नंबरचा गिअर कटर लागतो. कटर साडेचौदा अंशांचा आहे की वीसचा, हे मिलिंगवाल्याला निक्षून सांगावे, कारण चुकीच्या कोनाचा पिनियन फिरेल, पण लवकरच रॅक खाईल, आणि रॅक हा आपल्याकडे उरलेला अस्सल भाग आहे. दांडा ईएन-८ (मध्यम कार्बनच्या) पोलादाचा करावा.

आट्यांबाबतही अशीच दक्षता घ्यावी. या काळातील इंग्लिश यंत्रांत बहुधा व्हिटवर्थ आटे असतात. जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४१ मध्ये सुचवलेल्या या आट्यांचा कोन ५५ अंश आहे, तर मेट्रिकचा ६०. तीन सुती (३/८ इंची) व्हिटवर्थला इंचात १६ आटे असतात. १० मिलिमीटरचा मेट्रिक बोल्ट त्याहून जाड असल्याने त्यात नीट जात नाही. तो पान्याने रेटल्यास बिडातले आटे कायमचे जातात. म्हणून पिच गेजशिवाय (आट्यांमधले अंतर तपासणाऱ्या पट्ट्यांशिवाय) कोणताही बोल्ट लावून पाहू नये.

पुलीसाठी मोटारीची पुली हाच आराखडा. जोडीतल्या समोरासमोरच्या पायऱ्यांच्या व्यासांची बेरीज जवळजवळ सारखी ठेवतात, म्हणजे एकच बेल्ट तिन्ही ठिकाणी चालतो. राहिलेला किरकोळ फरक मोटार सरकवून भरून निघतो. अनेक यंत्रांत दोन्ही पुल्या एकसारख्याच, फक्त उलट्या बसवलेल्या असतात. तसे असेल तर हाताशी असलेली पुलीच पॅटर्न (वाळूत साचा उठवण्याचा नमुना) म्हणून वापरण्याचा मोह होईल, पण ती थेट वाळूत दाबू नये. बीड थंड होताना सुमारे एक टक्का आकसते, त्यामुळे १५० मिलिमीटरची पुली दीड मिलिमीटरने लहान येईल, शिवाय लेथवर काढायला माल उरणार नाही. सागवानी पॅटर्नमध्ये ही वाढ, मशीनिंगच्या प्रत्येक बाजूला सुमारे तीन मिलिमीटर आणि वाळूतून सुटण्यासाठी एक-दोन अंशांचा उतार धरावा. अ‍ॅल्युमिनियम ओतायचे असल्यास आकसणे १.३ टक्के धरावे. कोल्हापूर आपल्याला जवळ आहे; तिथल्या एखाद्या लहान फाउंड्रीला, इतर माल ओतताना आपला एक साचा सोबत ओतण्याची विनंती करून पाहावी. तयार पुली घेणार असाल तर स्पिंडल मोजून जावे. पाच सुती म्हणजे १५.८८ मिलिमीटर, १६ च्या छिद्राची पुली त्यावर डोलेल.

प्रश्न : अशा यंत्राच्या हँडलचा बोळा थ्रीडी प्रिंट करून लावला तर चालेल का? (एक विद्यार्थिनी, पुणे)

उत्तर : बोळा म्हणून चालणार नाही, पॅटर्न म्हणून उत्तम चालेल. ड्रिल दाबताना हँडलच्या मुळाशी मोठा जोर येतो आणि तिथे प्लॅस्टिकचे थर एकमेकांपासून सुटतात. आकसण्याची वाढ संगणकावरच देऊन प्रिंट काढावी, थरांच्या रेघा पुटीने बुजवून पृष्ठभाग गुळगुळीत करावा, अन्यथा वाळू त्या रेघांना धरून ठेवते आणि साचा फुटतो. हँडलच्या टोकाचे गोळे मात्र प्रिंट करून खुशाल वापरावेत.

प्रश्न : जुन्या ड्रिलचा चक डोलतो. स्पिंडल बदलावे का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : आधी चक आणि त्याचा आर्बर (चकला स्पिंडलशी जोडणारा दांडा) दोन्ही काढून, स्पिंडलच्या आतल्या मोर्स टेपरला (आर्बर बसतो त्या निमुळत्या छिद्राला) डायल गेज लावावा आणि स्पिंडल हाताने फिरवावे. काटा स्थिर राहिला तर दोष आर्बरचा किंवा चकचा आहे आणि नवा आर्बर घेऊन काम भागते. काटा हलला तर स्पिंडल आडव्या दिशेने हाताने ढकलून पाहावे; खेळ जाणवल्यास बेअरिंग बदलावे. खेळ नसताना काटा हलत असेल तर टेपरमध्ये ओरखड्यांमुळे उठलेले कंगोरे आहेत का, ते खुणेचा निळा रंग लावून पाहावे आणि तेवढेच हाताने रीमर फिरवून काढावेत. संपूर्ण टेपर पुन्हा कापू नये, कारण माल जितका निघेल तितका आर्बर अधिक आत जातो आणि त्याची मागची जीभ खाचेच्या तळाला आधी टेकली, तर टेपर धरतच नाही.