तोच नकाशा चौथ्यांदा

तुमचं पत्र दोनदा वाचलं. मुलगी स्थापत्य अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला, गुण चांगले. रात्री दोन शहरांच्या रस्त्यांची जाळी संगणकावर ताडून पाहत बसते. ‘दहा मिनिटांत प्रोग्राम करतो ते काम चौथ्यांदा करतेय, तिच्या डोक्यातून हे खूळ काढा’, असं तुम्ही मला सांगता. पानभर पत्रात तिचं म्हणणं फक्त एका ओळीत आहे. लॅपटॉप कपाटात बंद करून किल्ली स्वतःकडे ठेवल्याचं मात्र सविस्तर आहे. मला तिच्या नकाशांची नाही, त्या किल्लीची काळजी वाटते. वीस वर्षांच्या मुलीचं काम असं काढून घेतलं, तर पुढचं काम ती तुम्हाला दाखवणारच नाही.

आता ती एक ओळ. ‘म्हणते, कडेचे रस्ते चुकीचे येतात.’ तुम्ही ती तक्रार म्हणून लिहिलीत; मी वाचून खुर्चीत सावरून बसलो.

प्रोग्राम सगळं करतो, हा गैरसमज आधी सोडा. चौक म्हणजे बिंदू, रस्ता म्हणजे रेषा, एवढं प्रोग्रामला येतं. २००४ साली सुरू झालेल्या ओपनस्ट्रीटमॅपमुळे नकाशाही फुकट मिळतो. मग प्रत्येक रस्त्याचं महत्त्व मोजायचं: चौकाचौकांमधल्या सर्वांत जवळच्या वाटांपैकी किती वाटा त्याच्यावरून जातात? नकाशा शहराच्या हद्दीवर कापला, की पलीकडून येणाऱ्या वाटा हिशेबातून गळतात आणि वेशीवरचा वाहता रस्ता ओसाड ठरतो. एका शहराची हद्द आखडती आणि दुसऱ्याची ऐसपैस असेल, तर तुलनाच खोटी. प्रोग्राम चूक दाखवत नाही, आकडे निमूट देतो. उपाय असा, की हद्दीबाहेरचा पट्टाही घ्यायचा, गणित करायचं आणि मग तो पट्टा वगळायचा. दुभाजकाच्या दोन बाजू एक रस्ता धरायच्या की दोन, हेही माणसालाच ठरवावं लागतं. उत्तर हाती असताना तुमच्या मुलीला कडेचे रस्ते खटकले. ही नजर शिकवून येत नाही.

पदव्युत्तर प्रवेशपरीक्षांची माहिती तिला सहज मिळेल, त्यात मी जात नाही. रस्त्यांच्या जाळ्यांचा अभ्यास, या विषयाच्या नावानं नोकरी शोधू नका, फारशी सापडणार नाही. वाहतूक नियोजन, नगररचना, रुग्णवाहिका कुठे उभी ठेवायची हे ठरवणं, अशा कामांत हेच लागतं. तिचं संख्याशास्त्र कच्चं असेल तर तिथे मात्र कसून मेहनत हवी. आणि ज्या रस्त्याचा आकडा विचित्र येतो, तिथे जमेल तेव्हा स्वतः चालून यावं.

लॅपटॉप आजच परत द्या. पुढचं पत्र तिचं येऊ द्या: हद्दीबाहेरचा पट्टा किती रुंद घेतला आणि तेवढाच का, एवढंच तिनं लिहावं. पाठवण्याआधी तुम्ही ते वाचू नका.