नोकरीच्या जाहिरातीतला दुजाभाव चॅटजीपीटीला सापडतो का?

तुम्ही विचारलंय की, कुपवाड एमआयडीसीतल्या कारखान्याच्या जाहिराती (थोड्या पेपरात, बाकी व्हॉट्सअ‍ॅपवर) काढण्याआधी त्यातला दुजाभाव चॅटजीपीटीसारख्या एखाद्या भाषा-मॉडेलकडून तपासून घेता येईल का, आणि कसा.

घेता येतो. फक्त ‘ही जाहिरात पक्षपाती आहे का?’ असं विचारू नका. असं विचारलं की मॉडेल काही ना काही शोधून काढतंच, स्वच्छ जाहिरातीतही. शिवाय ते शब्दांना अडकतं, आणि खरा दुजाभाव बहुतेकदा अटींत लपलेला असतो.

ही नमुन्याची जाहिरात घ्या (सीएनसी म्हणजे संगणकाच्या हुकुमावर चालणारं कापकामाचं यंत्र): ‘सीएनसी ऑपरेटर हवा. वय 18 ते 28. अविवाहित, होतकरू. सांगली-मिरजेतलाच. स्वतःची दुचाकी आवश्यक.’ ती एकटी देऊन उपयोग नाही. सोबत कामाचं खरं वर्णन पाच-सहा ओळींत द्या: जॉब (यंत्रावर चढवायचा धातूचा तुकडा) किती किलोचा, तो हाताने चढवायचा की हॉइस्टने (वजन उचलायच्या यारीने), पाळ्या कोणत्या, ड्रॉइंग वाचावं लागतं का, कंपनीची गाडी आहे का. हे नसेल तर कुठली अट कामाला लागते आणि कुठली सवयीने आली, हे मॉडेलला कळणार कसं? डिलिव्हरीच्या माणसाला दुचाकी लागतेच. ऑपरेटरला कामावर वेळेत पोचणं लागतं, मग तो बसने येवो नाहीतर कुणाच्या मागे बसून.

मग एकेका अटीवर तीनच गोष्टी मागा. अटीचे शब्द जसेच्या तसे, त्या अटीमुळे कोण गळतं, आणि वर्णनातलं कुठलं काम तिच्याशिवाय अडतं. ‘कुठलंच काम अडत नसेल तर तसं लिही, अटीत दोष नसेल तर तेही लिही’ हे वाक्य मॉडेलला द्यायच्या सूचनेत हवंच. उद्धृत केलेले शब्द मूळ जाहिरातीत शोधून बघा. मॉडेल शब्द गुपचूप सुधारून देतं, कधी नसलेलेही घालतं. तीच तपासणी तीनदा करा. एकदाच आलेला आक्षेप माणसाने बघायचा, तिन्ही वेळा आलेला आधी हातात घ्यायचा. एपीआय (म्हणजे चॅटच्या खिडकीऐवजी प्रोग्राममधून मॉडेलला विचारायची सोय) वापरत असाल आणि सोय असेल तर टेम्परेचर, म्हणजे उत्तरं किती बदलती यावीत याची सेटिंग, 0 ठेवा, तरी उत्तरं तंतोतंत सारखी येतीलच असं नाही.

मराठीचा एक पेच आहे आणि तो फार जण विसरतात. जाहिरात आधी इंग्रजीत करून तपासू नका. ‘ऑपरेटर हवा’ आणि ‘ऑपरेटर हवी’ यांचं इंग्रजी एकच होतं, म्हणजे लिंगाची खूण भाषांतरातच पुसली जाते. गॉशे, फ्रीसन आणि के या संशोधकांच्या 2011 च्या अभ्यासातल्या पुरुषी-बायकी शब्दांच्या याद्या जाहिराती तपासणाऱ्या अनेक इंग्रजी साधनांच्या मुळाशी आहेत. त्या इंग्रजी शब्दांच्या आहेत, मराठीला चिकटवू नयेत. आपली यादी वेगळी: ‘सुस्वरूप’, ‘घरंदाज’, ‘चांगल्या घरातील’, ‘शाकाहारीस प्राधान्य’. शेवटच्या तिन्हींत जात किंवा धर्म आडून येऊ शकतो, आणि हे सूचनेत उदाहरणं देऊन सांगितलं नाही तर मॉडेल त्यांना सरळ सोडून देतं.

दुरुस्तीही ओळीपुरतीच मागा. अख्खी जाहिरात नव्याने लिहायला सांगितली की ‘गतिशील वातावरणात काम करण्याची सुवर्णसंधी’ येते आणि पगार, पाळी गायब होतात. ‘केलेला/केलेली’ असे तिरके दांडेही नकोत. ‘हवा’ऐवजी ‘पाहिजे’, ‘काम केलेला असावा’ऐवजी ‘कामाचा अनुभव असावा’, एवढ्याने भागतं. रात्रपाळी मात्र लपवू नका. ती खरी अट आहे; ती लिहा आणि सोबत ने-आण आहे का तेही लिहा.

कामावर लावण्याआधी परीक्षा घ्या. जुन्या 40 जाहिराती काढा, त्यात 10 तरी स्वच्छ असू द्या. दोघांनी एकमेकांचं न बघता खुणा करायच्या, मग मॉडेलशी ताडायच्या: किती सुटल्या, किती उगाच धरल्या. एक जाहिरात ‘फक्त पुरुष’ आणि तीच ‘फक्त महिला’ करून द्या. पहिलीवर आक्षेप आणि दुसरीचं कौतुक झालं, तर सूचना बदलावी लागेल. अर्थात महिला वसतिगृहाची रेक्टर किंवा महिलांची झडती घेणारी सुरक्षारक्षक असेल, तर ‘महिला’ ही कामाचीच अट आहे.

कायदा मॉडेलला विचारू नका. भरतीत लिंगावरून भेद करायला वेतन संहिता 2019 च्या कलम 3 ने मनाई आहे. ती संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाली, त्यामुळे जुन्या माहितीवर शिकलेलं मॉडेल अजून 1976 चा समान वेतन कायदा पुढे करतं. वयाच्या अटीवर तर ते अमेरिकेतल्या 40 वर्षं आणि त्यावरील लोकांच्या संरक्षणाचा नियम ठोकून देऊ शकतं. आपल्याकडे खासगी नोकरीत वयाची अट सरसकट बेकायदा नाही. ती का नको, हे तुम्हाला कामाच्या हिशेबानेच ठरवावं लागेल: 28 वर्षांवरचा अनुभवी सेटर (यंत्र कामासाठी लावून देणारा कारागीर) तुम्हाला खरंच नकोय का?

आणि तपासायचा मजकूर म्हणजे लोकांपर्यंत पोचतो तो. तुम्ही ऑफिसात कितीही नीट लिहा, लेबर कॉन्ट्रॅक्टर व्हॉट्सअ‍ॅपवर पुढे ढकलताना खाली ‘ओन्ली जेन्ट्स’ जोडू शकतो. त्याच्याकडून फॉरवर्ड झालेला मेसेज परत मागवा आणि तोच मॉडेलला द्या.