तारखा उलटतात, ॲप बंद पडते: शोधाची सुरुवात कुठून करावी?

आपण गडहिंग्लजमधील एका खते-बियाण्यांच्या दुकानासाठी सी शार्पमध्ये बिलिंगचा डेस्कटॉप प्रोग्रॅम आणि उधारी पाहण्यासाठी कोटलिनमध्ये अँड्रॉइड ॲप तयार केले आहे. दोन्ही आपल्याकडे लॅपटॉपवर आणि एम्युलेटरवर (लॅपटॉपमधल्या नकली फोनवर) व्यवस्थित चालतात. दुकानात मात्र काही बिलांच्या तारखा उलटसुलट होतात, काही दिवशी बिल जतन करताना प्रोग्रॅमच बंद पडतो, आणि मालकांच्या फोनवर उधारीची यादी उघडताच ॲप बंद होते. आठवडाभर कोड बदलूनही फरक पडलेला नाही, तेव्हा सुरुवात कुठून करावी, असे आपण विचारले आहे. मी कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात बसून फाउंड्र्यांच्या वजनकाट्यांसाठी आणि लहान दुकानांसाठी असेच प्रोग्रॅम लिहितो, त्यामुळे या तिन्ही तक्रारी माझ्या चांगल्या ओळखीच्या आहेत.

सर्वप्रथम कोड बदलणे थांबवावे. दोष आपल्या डोळ्यांसमोर घडवून आणता येत नाही, तोपर्यंत केलेला प्रत्येक बदल हा केवळ अंदाज असतो, आणि आठवडाभराच्या अंदाजांनंतर मुळातला दोष कोणता व आपण नव्याने घातलेला कोणता, हे सांगणेही अवघड होऊन बसते. गिटमध्ये, म्हणजे कोडच्या प्रती सांभाळणाऱ्या प्रणालीत, जुन्या प्रती असतील, तर दुकानात बसवलेल्या नेमक्या त्याच प्रतीकडे परत जावे. कोड दोन्ही ठिकाणी एकच आहे, म्हणून आपला संगणक आणि दुकानातील संगणक यांत फरक कोणता, एवढाच प्रश्न आधी हाती घ्यावा.

आपण तारीख उलटणे आणि प्रोग्रॅम बंद पडणे हे दोन दोष मानले आहेत. माझ्या मते तो एकच दोष आहे. पडताळणी सोपी आहे. प्रोग्रॅम बंद पडलेले सगळे दिवस महिन्याच्या १२ तारखेनंतरचे आहेत का, आणि तारखा उलटलेली सगळी बिले १ ते १२ तारखांची आहेत का, एवढे दुकानात विचारून घ्यावे. उत्तर ‘हो’ आले, तर कारण जवळजवळ निश्चित झाले असे समजावे. सुटे भाग जोडून बनवलेल्या अनेक संगणकांवर विंडोज बसवताना ‘रीजन’ची सेटिंग अमेरिकेचीच राहते, तर आपल्या लॅपटॉपवर ती भारताची असते. प्रोग्रॅम तारखेचा मजकूर दिवस-महिना-वर्ष या क्रमाने तयार करतो आणि पुढे तोच मजकूर ‘डेटटाइम डॉट पार्स’कडे देतो, हे फंक्शन मात्र त्या त्या संगणकाच्या सेटिंगप्रमाणे वाचते. त्यामुळे ०५/०६/२०२४ म्हणजे ५ जून हे दुकानात ६ मे होते आणि कोणतीही एरर येत नाही, पण १३/०६/२०२४ वाचताना तेरावा महिना सापडत नाही म्हणून एक्सेप्शन (न पकडल्यास प्रोग्रॅम थांबवणारी चूक) येते आणि प्रोग्रॅम बंद पडतो. ६ जूनचे बिल तेवढे योगायोगाने बरोबर राहते, आणि अशा योगायोगामुळेच ‘कधी होते, कधी होत नाही’ ही तक्रार जन्माला येते.

यावर दुकानातील सेटिंग बदलून देणे हा उपाय नव्हे, कारण उद्या कोणी विंडोज पुन्हा बसवले की तोच खेळ सुरू होईल. तारीख वाचताना ‘पार्सएक्झॅक्ट’ वापरून क्रम स्वतः सांगावा आणि ‘इन्व्हेरिएंट कल्चर’, म्हणजे कोणत्याही देशाशी न बांधलेली सेटिंग, द्यावी. डेटाबेसकडे तारीख मजकूर म्हणून क्वेरीत (डेटाबेसला दिलेल्या आदेशात) न चिकटवता पॅरामीटर, म्हणजे वेगळे मूल्य, म्हणून पाठवावी. आपण एसक्यूलाइट हा डेटाबेस वापरत असाल, तर त्यात तारखेचा वेगळा प्रकारच नाही, म्हणून २०२४-०६-०५ असा वर्ष-महिना-दिवस क्रम ठेवावा. या क्रमात अक्षरानुसार लावलेली यादी आपोआप कालानुक्रमेही लागते. आधी बिघडलेल्या नोंदींसाठी बिल क्रमांक कामी येईल. क्रमांक चढता असतो, तेव्हा ज्या बिलाची तारीख आगेमागेच्या बिलांशी जुळत नाही, ते बिल उलटलेले असते. दुरुस्तीपूर्वी डेटाबेसची प्रत दुसरीकडे ठेवावी, हे सांगण्याची गरज नसावी, तरी सांगतो, कारण एकदा मी स्वतः ती ठेवली नव्हती.

आपण विचारलेली नाही, पण लवकरच येईल अशी आणखी एक तक्रार आत्ताच सांगून ठेवतो. ‘कऱ्हाड’ हे नाव पडद्यावर स्पष्ट दिसत असूनही शोधल्यावर सापडणार नाही. युनिकोडमध्ये हा अर्धा र तीन प्रकारे टंकता येतो: थेट ऱ हे अक्षर घेऊन, साध्या र ला नुक्ता जोडून, किंवा र व हलन्तानंतर झिरो विड्थ जॉइनर हे अदृश्य चिन्ह टाकून. दिसायला तिन्ही सारखेच, पण संगणकाच्या लेखी ते तीन वेगळे शब्द असतात, आणि कोणता प्रकार उमटेल हे कीबोर्डवर अवलंबून असते. मजकूर एनएफसी या युनिकोडच्या प्रमाणित स्वरूपात आणला की पहिले दोन प्रकार एक होतात. तिसऱ्यासाठी अदलाबदल आपल्यालाच करावी लागते. जतन करताना आणि शोधताना, दोन्ही वेळा ती करावी. शिवाय देवनागरीचे प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये ३ बाइट घेते, म्हणजे ‘कोल्हापूर’ हा शब्द ९ चिन्हांचा आणि २७ बाइटांचा असतो. बिलाच्या प्रिंटरसाठी बाइट मोजून ओळ तोडली, तर नावाचा शेवट चौकटींमध्ये छापला जातो.

अंदाजाने कोड बदलू नये, हे मी शहाणपणाच्या तोऱ्यात सांगत नाही. शिरोली एमआयडीसीतील एका फाउंड्रीच्या काट्यावर माझा प्रोग्रॅम सिरियल पोर्टवरून वजन वाचत असे, आणि १८४६० किलोच्या गाडीची नोंद अधूनमधून ४६० किलो अशी होई. काट्यावरचा माणूस म्हणे, “साहेब, गाडी रिकामी असती तरी एवढी हलकी नसती.” माझ्या टेबलावर हा दोष कधीही दिसला नाही, कारण मी चाचणीसाठी लिहिलेला नकली काटा प्रत्येक वेळी पूर्ण ओळ एकदम पाठवत होता. खऱ्या पोर्टवरून मात्र अक्षरे तुकड्यातुकड्यांनी येतात. ‘डेटा रिसीव्ह्ड’ या घटनेचा अर्थ काही अक्षरे आली एवढाच असतो, पूर्ण ओळ आली असा नसतो. मी वाचण्याआधी २०० मिलिसेकंद थांबण्याची ओळ घातली, दोष गेला असे वाटले. संगणकावर दुसरे काम सुरू झाले की तो परत आला, मग मी ३०० केले, मग ५००. थोडे थांबल्याने दोष नाहीसा होत असेल, तर तो वेळेशी निगडित आहे एवढेच कळते. तो बरा झालेला नसतो. शेवटी आलेली अक्षरे बफरमध्ये (तात्पुरत्या साठ्यात) साठवून ओळीच्या अखेरचे चिन्ह मिळाल्यावरच वजन वाचायला लागलो, आणि तक्रार थांबली. तीच घटना वेगळ्या थ्रेडवर (प्रोग्रॅमच्या समांतर चालणाऱ्या धाग्यावर) येत असल्यामुळे तिच्यातून पडद्यावरील चौकटीला थेट हात लावला की ‘क्रॉस-थ्रेड’ची एरर येते, ही त्याच कामातली दुसरी ठेच.

दुकानातून फोनवर ‘चालत नाही’ एवढेच कळते, म्हणून प्रोग्रॅमने स्वतःची हकिगत लिहून ठेवली पाहिजे. न पकडलेली प्रत्येक एक्सेप्शन स्टॅक ट्रेससह (चूक कोडच्या कोणत्या ओळींतून आली त्या यादीसह) फाइलमध्ये लिहावी. ती फाइल ‘प्रोग्रॅम फाइल्स’मध्ये ठेवू नये, कारण तेथे सामान्य वापरकर्त्याला लिहिण्याची परवानगी नसते, ‘ॲपडेटा’ फोल्डर त्यासाठीच आहे. आणि कोडमध्ये कुठे रिकामा ‘कॅच’ (चूक पकडून काहीच न करणारा भाग) असेल, तर तो आजच काढावा. असा कॅच म्हणजे जखम न धुता वर पट्टी बांधणे.

आता फोनचे. आपण एम्युलेटरवर डीबग बिल्ड (चाचणीची प्रत) चालवली आणि मालकांना रिलीज बिल्ड (वापरासाठीची प्रत) दिली, म्हणजे येथे दोन्हीकडे एकच वस्तू नाही, हे लक्षात घ्यावे. यादी उघडताच ॲप बंद होते, त्याअर्थी संशय सर्व्हरकडून माहिती आणण्याच्या जागेवर जातो. सर्व्हरचा पत्ता १०.०.२.२ असाच राहिला असेल, तर तो एम्युलेटरच्या आतून आपल्या लॅपटॉपकडे जाण्याचा पत्ता आहे. खऱ्या फोनवर तो कुठेच पोहोचत नाही. पत्ता बरोबर असून एचटीटीपीएसऐवजी साधे एचटीटीपी असेल, तर अँड्रॉइड ९ किंवा पुढच्या आवृत्तीला लक्ष्य केलेल्या ॲपची अशी विनंती त्या किंवा पुढच्या आवृत्तीच्या फोनवर मूळ सेटिंगनुसार अडवली जाते, मात्र जुन्या आवृत्तीच्या फोनवर तीच विनंती जाते. कोड आकसण्याचा पर्याय सुरू केला असेल, तर आर८ हे कोड आकसणारे साधन क्लास आणि फील्डची नावे बदलते; जेसॉनमधील (सर्व्हरकडून येणाऱ्या माहितीतील) नावे मग जुळत नाहीत, मूल्ये रिकामी येतात आणि ती वापरताना ॲप कोसळते. अशा क्लासना वगळण्याचा नियम लिहावा. कोटलिनऐवजी फ्लटर वापरून ॲप बनवणाऱ्यांची आणखी एक फसगत होते: इंटरनेटची परवानगी तेथे डीबगच्या मॅनिफेस्टमध्ये (परवानग्यांच्या फाइलमध्ये) आयती असते, मुख्य मॅनिफेस्टमध्ये ती आपण लिहावी लागते.

यांपैकी नेमके कोणते, हे येथून सांगणे म्हणजे पुन्हा अंदाजच होईल. हीच रिलीज बिल्ड आपल्या स्वतःच्या फोनवर बसवावी आणि केबल जोडून, लॉगकॅट (फोनमधील नोंदी दाखवणारे साधन) उघडे ठेवून, यादी उघडावी. तांबड्या ओळींची रांग दिसेल. तिच्यातील सर्वांत शेवटचे ‘कॉज्ड बाय’ पाहावे आणि त्याखाली आपल्या पॅकेजचे नाव असलेली पहिली ओळ शोधावी. दोष बहुतेक वेळा त्याच ओळीच्या आसपास असतो. आपल्या फोनवर ॲप बंद पडलेच नाही, तर मालकांचाच फोन तासाभरासाठी मागून घ्यावा. त्या दोन ओळी आणि मालकांच्या फोनची अँड्रॉइड आवृत्ती आपल्या प्रश्नात जोडल्यास मी पुढचे पाहू शकेन. तोपर्यंत तारखेची दुरुस्ती आधी हाती घ्यावी, कारण ॲप बंद पडल्याने यादी दिसत नाही एवढेच, पण उलट्या तारखेची बिले रोज वाढत आहेत.