बागेतल्या नेपाळी कामगारांना इंग्रजी शिकवायचंय, सुरुवात कुठून करू?

एबीसीडी राहू द्या. तुम्ही लिहिलंय की तुमच्या हापूसच्या बागेत नेपाळहून आलेले पाच-सहा जण आहेत, मे अखेरीस गावी जातील, आणि कामापुरतं इंग्रजी त्यांनाच हवंय. मी रत्नागिरीत बोटींवरच्या नेपाळी खलाशांना संध्याकाळी शिकवतो. बोट बंदरात असेल तेव्हाच विद्यार्थी, त्यामुळे जे शिकवायचं ते त्याच बैठकीत पुरं करावं लागतं.

जे थोडेफार शाळेत गेलेत त्यांना देवनागरी येते, एसटीची पाटी ते वाचतात. अडतं ते छापील इंग्रजीपाशी. म्हणून त्यांच्या रोजच्या हाताळणीतल्या वस्तू पुढ्यात घेऊन बसा.

बागेत पहिला मान फवारणीच्या बाटलीला. लेबलावर टोकावर उभा केलेला चौकोन असतो. त्याच्या खालच्या अर्ध्या भागाचा रंग बघायचा: लाल सगळ्यांत जहाल, मग पिवळा, निळा, शेवटी हिरवा. हिरवा म्हणजे निर्धोक नव्हे, हे दोनदा सांगा. मग ‘पॉयझन’ ही अक्षरं नुसती ओळखता आली तरी पुरे. एक्स्पायरीची तारीख मात्र नीट वाचता यायला हवी, आणि तिथे एक भानगड आहे. नेपाळात विक्रम संवत चालतो. जन्मसाल विचारलं तर एखादा २०५५ सांगेल; तो १९९८ किंवा १९९९ चा. ५७ वजा केले की साधारण जमतं. केसपेपर काढताना काउंटरवरचा माणूस यावरून हसतो, म्हणून वजाबाकी पाठ करून घ्या.

दुसरं, १०८. बागेत फुरसं चावलं तर फोनवर काय सांगायचं? एकाने तिकडचा माणूस व्हायचं, दुसऱ्याने फोन करायचा. इथे इंग्रजीचं काही काम नाही, मराठी-हिंदीच लागते. गाव, वाडी, जवळचं देऊळ, गाडी पाखाडीच्या कुठल्या टोकापर्यंत येते. हे घोकूनच यावं लागतं, घाबरलेल्या माणसाला ऐनवेळी सुचत नाही.

बँकेच्या मेसेजमधले ‘क्रेडिटेड’ आणि ‘डेबिटेड’ एका बैठकीत होतात. ओटीपी कोणालाच द्यायचा नाही, मुकादमाला नाही आणि तुम्हालाही नाही. एटीएम कार्डं मालकाने ठेवून घ्यायची पद्धत तुमच्याकडे असेल तर ती आधी बंद करा, नाहीतर हा धडा म्हणजे नुसती थट्टा.

आणि हो, सगळ्यांना सरसकट ‘गुरखा’ म्हणायची आपल्याकडे खोड आहे. नावाने हाक मारा. वयाने मोठा असेल तर ‘दाइ’ म्हणा, नेपाळीत दादा. कच्च्याबच्च्यांसारखं एका सुरात म्हणायला लावू नका, मोठी माणसं दुसऱ्या दिवशी येत नाहीत.

शेवटी रेल्वेचं तिकीट. दिल्लीमार्गे जाणारे मंगला एक्स्प्रेस धरतात. डबा, बर्थ, आरएसी आणि वेटिंग, एवढं तिकिटावर बोट ठेवून दाखवा. वेटिंगवाल्याला आरक्षित डब्यात चढता येत नाही, हे ठासून सांगा. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, आणि मे अखेरीला चाकरमान्यांचीही परतीची झुंबड असते, तेव्हा हा धडा मार्चमध्येच घ्या.