पीएचडीनंतर पुन्हा ऑपरेशन थिएटरमध्ये

सोलापूरहून एमडी करून इंग्लंडला भूलशास्त्राच्या ट्रेनिंगला येताय, मधली तीन वर्षं पीएचडीला द्यायचीत, आणि 'परत येणं कितपत जड जातं?' असं विचारलंत. प्रश्न वाचल्यावर राहवलं नाही. गोल्ड गाइडमधले (इथल्या डॉक्टरांच्या ट्रेनिंगच्या नियमपुस्तिकेतले) नियम तुम्ही वाचालच, ते सोडून बाकीचं लिहितेय.

आधी व्हिसा. विद्यापीठ पैसे पगार म्हणून देणार की स्टायपेंड म्हणून, हे होकार देण्यापूर्वी लेखी घ्या. स्टायपेंडवर बहुधा स्टुडंट व्हिसा घ्यावा लागतो, आणि त्यावर फाउंडेशन प्रोग्रॅम (पदवीनंतरची पहिली दोन वर्षं) वगळता ट्रेनिंगमधल्या डॉक्टरची नोकरी करता येत नाही. म्हणजे हात चालू राहावा म्हणून आठवड्याला एक थिएटर लिस्ट (एका सत्रातली ठरलेली ऑपरेशन्स) करायचा बेत तिथेच बारगळतो. स्किल्ड वर्कर या नोकरीच्या व्हिसावरून कायम वास्तव्यासाठी जी वर्षं मोजतात, त्यांतही हा काळ धरत नाहीत. डीनरी (ट्रेनिंग चालवणारं प्रादेशिक कार्यालय) विद्यापीठाकडे बोट दाखवते, विद्यापीठ ट्रस्टकडे, म्हणजे हॉस्पिटल चालवणाऱ्या सरकारी संस्थेकडे. प्रत्येकाकडून ईमेलवरच उत्तर घ्या.

परतण्याची तारीख किमान सहा महिने आधी कळवायची असते. तरीही कुठलं हॉस्पिटल मिळेल याची हमी नाही, आणि इथेच मुलाची शाळा अडते. प्राथमिक शाळेच्या अर्जाची मुदत 15 जानेवारी. ऑगस्टमधल्या पोस्टिंगचं गाव पक्कं कळतं ते साधारण मे महिन्यात. मग जागा शिल्लक असेल त्या शाळेत मूल जातं, जवळच्या शाळेची वेटिंग लिस्ट पुढे सरकत नाही. डॉक्टरांच्या बदल्या दरवर्षी ठरल्या वेळी होतात, तरी या दोन तारखांचा मेळ कुणी घालत नाही, याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. जमलं तर घर एकाच गावात ठेवा, प्रवास तुम्ही करा.

एकटेपणाचं म्हणाल तर तो येतो. कामाला लागलात की कमी होतो.

थिसिस परतण्याआधी सबमिट करा. रात्रपाळ्या सुरू झाल्यावर शेवटचं प्रकरण वर्षभर रेंगाळतं.

आता थिएटर. श्वासनलिकेत ट्यूब टाकायचा हात चार-दोन दिवसांत बसतो. पेशंटच्या रक्तातलं ऑक्सिजन सॅच्युरेशन घसरत असताना 'आता पुढचा प्लॅन' म्हणायला लागणारा वेग मात्र उशिरा येतो. म्हणून 'गॅस अगेन' हा एक दिवसाचा सिम्युलेशन कोर्स परतण्याआधीच करा. एएलएसचं (हृदय बंद पडल्यावरच्या उपचारांच्या कोर्सचं) प्रमाणपत्र चार वर्षं चालतं, पीएचडीत ते संपू शकतं. पहिल्याच सकाळी डिफिकल्ट एअरवे ट्रॉली (ट्यूब जात नसेल तेव्हाच्या सामानाची) स्वतः उघडा: 10 नंबरचं ब्लेड, बूझी (ट्यूबला वाट दाखवणारी लवचीक काडी), 6 मिमीची कफवाली ट्यूब कुठल्या कप्प्यात आहे ते पाहून ठेवा. पंप आणि औषधं लिहायचं सॉफ्टवेअर बदललेलं असतं, त्याचं लॉगिन आधीच मागून घ्या.

तीन महिन्यांहून अधिक काळ बाहेर असणाऱ्यांसाठी 'सपोर्ट' नावाची योजना आहे. परतण्याच्या आठ-बारा आठवडे आधी सुपरवायझरबरोबर बैठक होते, तिथे नेमकं काय जमणार नाही ते सांगा. माझ्या पोटात गोळा यायचा, पण इतकी वर्षं भूल दिलेल्या बाईनं ते कसं बोलावं, म्हणून जीभ रेटायची नाही. तुम्ही बोला. सुरुवातीचे साधारण दोन आठवडे कुणाच्या तरी नजरेखाली काम मागून घ्या. त्या काळात रात्रीचा एकट्याचा ऑन-कॉल रोट्यावर (ड्यूटीच्या वेळापत्रकात) दिसला, तर त्याच दिवशी कॉलेज ट्यूटरला, म्हणजे हॉस्पिटलात भूलशास्त्राचं ट्रेनिंग पाहणाऱ्या वरिष्ठ डॉक्टरला, लेखी कळवा.